एसटीच्या पासावरचं कॉलेज

स्मरणिका समितीने मला सांगितलं, "तू इंजिनिअर आहेस. कॉलेज कसं निवडावं आणि त्याचं सोनं कसं करावं, यावर लिही. शाळेतल्या आताच्या मुलांनाही उपयोग होईल." मी हो म्हटलं आणि अडकले. त्याच आठवड्यात माझ्या बारावीतल्या भाचीने फोनवर विचारलं होतं, "मावशी, तू तुझं कॉलेज कसं निवडलंस गं?" आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी ते निवडलंच नव्हतं. एसटीच्या मासिक पासावर जाऊन-येऊन करता येईल एवढ्या अंतरावर ते होतं, म्हणून माझं झालं.

मग ते तिथे आलं कुठून, हे शोधायला बसले. इतिहासात मला आपल्या शाळेत कधी फारसे गुण मिळाले नाहीत, हे बाईंना आठवत असेलच. तरीही यंदा, दहावीला तीस वर्षं झाल्यानिमित्त, हा एक उशिराचा गृहपाठ समजा.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग शिक्षणाची सुरुवात पुण्यात 1854 साली झाली. 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' असं तिचं नाव. आदल्याच वर्षी मुंबई-ठाणे रेल्वे धावली होती. सरकारला रस्ते, कालवे आणि इमारती बांधायच्या होत्या. त्यासाठी मोजणी करणारी, कामावर देखरेख ठेवणारी हाताखालची माणसं हवी होती, म्हणून हे स्कूल निघालं. विद्यार्थ्यांना काय व्हायचं आहे, हा प्रश्न कुणाच्या मनात नव्हता. पुढे त्याचंच पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं, ज्याला आपण सगळे सीओईपी म्हणतो.

या कॉलेजचे सर्वांत नामवंत विद्यार्थी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांच्या जन्मदिवशी, 15 सप्टेंबरला, आमच्या ऑफिसात दरवर्षी अभियंता दिनाचा केक कापला जातो. बंगळुरूहून 1881 मध्ये बी. ए. झालेला हा मुलगा पुण्याला का आला? म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून. इथे तो 1883 च्या परीक्षेत पहिला आला, 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला आणि 1903 मध्ये त्याने खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या पातळीप्रमाणे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पुढे भारतरत्न झालेल्या माणसाचं कॉलेजही शिष्यवृत्तीने ठरवलं होतं. हे वाचून मला जरा बरं वाटलं.

मुंबईत 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आजची व्हीजेटीआय, म्हणजे वीरमाता जिजाबाईंच्या नावाची संस्था. तिथे गरज होती ती प्रामुख्याने कापड गिरण्यांची. याच संस्थेतून 1953 साली शकुंतला भगत सिव्हिल इंजिनिअर झाल्या. पोलाद आणि पूल हे त्यांचं काम, त्यांनी शेकडो पुलांची आखणी केली. त्यांचे वडील स्वतः नामवंत पूल-अभियंते होते. बाईंचं कर्तृत्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण त्या काळात मुलीला इंजिनिअरिंगच्या दारापर्यंत पोचायला घरात इंजिनिअर बाप असण्याचा किती आधार होत असेल, हे आपल्या गावाकडून पाहताना जास्त कळतं.

आपल्या भागात पहिलं कॉलेज सांगलीला 1947 साली आलं. पुण्याच्या धोंडूमामा साठ्यांनी ते फक्त सिव्हिलच्या पदवीवर सुरू केलं, पुढे ते वालचंद कॉलेज म्हणून ओळखलं जाऊ लागलं. 1960 मध्ये कऱ्हाडला सरकारी कॉलेज निघालं. माझ्या अण्णांना त्या कऱ्हाडच्या कॉलेजात जायचं होतं. जागा मोजक्या, गुण थोडे कमी आणि घरी ऊस तोडणीला आलेला. ते राहून गेलं. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही माझा प्रवेश झाल्यावर.

नकाशा खऱ्या अर्थाने बदलला तो 1983 साली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. तोवर आपल्याकडची मुलं देणग्या भरून कर्नाटकात शिकायला जात. पैसा बाहेर जातोच आहे, तर कॉलेजं इथेच का नकोत, असा हिशेब मांडला गेला आणि सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली. त्या एकाच वर्षात इस्लामपूरजवळ साखराळ्याला, सांगलीजवळ बुधगावला, कोल्हापूरला, प्रवरेकाठी लोणीला आणि पुण्यात अशी कॉलेजं उभी राहिली. स्वतःचं फारसं शिक्षण न झालेल्या नेत्याने हा निर्णय घेतला, याचं अनेकांना कौतुक वाटतं. याच निर्णयातून 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीला मिळाला, हेही तितकंच खरं. साखर कारखाना, दूध संघ आणि कॉलेज एकाच घरात, हे चित्र आपण जवळून पाहिलं आहे.

देणग्यांवर लगाम आला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. 1992 च्या मोहिनी जैन खटल्यात देणगी घेणं बेकायदा ठरलं. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी कॉलेजांतल्या निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट' केल्या, आणि दोन्हींना गुणवत्तेची यादी लावली. 2002 मध्ये टी. एम. ए. पै निकालाने ही पद्धत गेली. म्हणजे आपली 1997 ची बारावीची तुकडी नेमकी त्या काही वर्षांच्या फटीत सापडली. शेतकऱ्याच्या मुलीला खासगी कॉलेजात सरकारी कॉलेजच्या जवळपासच्या फीत शिकता येईल, अशी ती फट होती. सीईटी तेव्हा नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताचे गुण, आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांना 70 टक्के जागा, मुलींना 30 टक्के, एवढ्यावर सगळा खेळ.

प्रवेशफेरीला अण्णा आणि मी रात्रीच्या एसटीने गेलो. हॉलमध्ये फळ्यावर रिकाम्या जागांचे आकडे लिहिलेले आणि दर पाच मिनिटांनी एक आकडा पुसला जात होता. माझा नंबर आला तेव्हा दोन पर्याय उरले होते: लांबच्या शहरात मेकॅनिकल, किंवा आपल्याजवळच्या, उसाच्या फडात उभ्या असलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, "काय करायचं?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "जाऊन-येऊन होतंय ते द्या." माझी निवड ती एवढी.

आता या गोष्टीतला अवघड भाग. आपल्या वर्गात माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण गणितात नेहमीच माझ्या पुढे होती. बारावीलाही तिचे गुण जास्त होते. (हे तिला विचारूनच लिहिते आहे.) तिला पुण्याचं कॉलेज मिळत होतं, पण मुलीला हॉस्टेलवर ठेवायची घरच्यांची तयारी नव्हती. मग माझ्याबरोबर जवळच्या कॉलेजात का नाही? कारण ओळखीतल्या एका जाणत्या माणसाने तिच्या वडिलांना सांगितलं, "ती विनाअनुदानित कॉलेजं म्हणजे पैशाचा बाजार. तिथल्या डिग्रीला कोण विचारतंय? त्यापेक्षा बी. एस्सी. बरी." तिला फ्री सीट मिळाली असती, हे कुणी सांगितलंच नाही. चांगलं ते लांब आणि जवळचं ते हलकं, या दोहोंमध्ये तिचं इंजिनिअरिंग गेलं.

आणि मी काय केलं? ज्या कॉलेजात मला जागा मिळाली, त्याचीच मला पुढची कित्येक वर्षं लाज वाटली. तिथे खरोखरच उणिवा होत्या. लॅबमध्ये एका मशीनवर तिघं बसायचो. काही विषयांचे शिक्षक सत्राच्या मध्यात सोडून जायचे. कॅम्पसला कंपन्या येत नसत. पण मशीन कमी, म्हणून आम्ही प्रोग्राम आधी वहीत लिहायचो, एकेका ओळीला प्रत्येक व्हेरिएबलची किंमत काय होईल ते पेन्सिलीने मांडायचो, आणि मगच टर्बो सीवर टाइप करायचो. आज वीस वर्षांहून जास्त काळ मी दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून पोट भरते. ती सवय त्या वहीतली आहे. एक सर स्वतः नुकतेच इंजिनिअर झालेले. चावी त्यांच्याकडे असायची. रविवारी तुम्ही चौघंजण आलात तर मी लॅब उघडतो, असं ते म्हणाले. सुरुवातीला आम्ही चौघंजण गेलो, वर्षाअखेरीस पंधरा जण असायचो. सांगलीच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या नोट्स झेरॉक्स करून आमच्या अख्ख्या वर्गात फिरल्या. एम-थ्रीच्या पेपरात त्याच कामाला आल्या.

तरी कॉलेजच्या नावाला काही अर्थ नसतो, असं मी मुलांना सांगणार नाही. ते खोटं होईल. 2001 मध्ये मी पास झाले तेव्हा अमेरिकेतल्या डॉट-कॉमचा फुगा फुटलेला होता. मोठ्या नावांच्या कॉलेजांतल्या मुलांनाही थांबावं लागत होतं, आमचे अर्ज तर कुणी उघडूनही पाहत नसे. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, एका छोट्या कंपनीत नावापुरत्या पगारावर दीड वर्ष काढलं. मुलाखतीत "कुठलं कॉलेज?" या प्रश्नावर मी घाईघाईने शिवाजी विद्यापीठ म्हणायचे. दुसऱ्या नोकरीनंतर मात्र तो प्रश्न मला कुणी विचारला नाही. नावाने पहिलं दार लवकर उघडतं. माझं दीड वर्षाने उघडलं, एवढीच त्याची किंमत मला मोजता येते. कॉलेज जवळ नसतं तर मैत्रिणीने मोजली ती किंमत मीही मोजली असती.

हे सगळं जुळवून झाल्यावर मी भाचीला फोन केला आणि तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, कॉलेजची इमारत आणि जाहिरात पाहू नकोस, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना भेट. लॅब कितीपर्यंत उघडी असते, शिक्षक टिकतात का, हॉस्टेलचं पाणी आणि जेवण कसं आहे, शेवटची बस किती वाजता, हे त्याच सांगतील. दुसरी, पैशाविषयी ऐकीव माहितीवर निर्णय घेऊ देऊ नकोस. 2024-25 पासून आपल्या राज्यात आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीय फेरीतूनच हवा. 1997 मध्ये एका फ्री सीटची माहिती एका घरापर्यंत पोचली नाही, त्याचं काय झालं ते मी पाहिलं आहे. तिसरी, मिळेल त्या कॉलेजात पहिल्याच महिन्यात चावी कुणाकडे असते ते शोध. लॅबची, वर्कशॉपची, लायब्ररीची. कुणीतरी एक माणूस ती घेऊन वाट पाहत असतो.

भाची म्हणाली, "आणि तुला आवडलं नसतं तर?" मी म्हटलं, आवडायला मला वीस वर्षं लागली, पण त्यात चूक कॉलेजची नव्हती.

माझी मैत्रीण बी. एस्सी., बी. एड. झाली आणि आता एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. तिच्या हाताखालच्या काही मुली आज इंजिनिअर आहेत. "वाईट वाटतं का?" असं मी तिला मागच्या महिन्यात धीर करून विचारलं. ती म्हणाली, "वाटतं. शिकवायला आवडतं, तरी वाटतं." मी त्यावर काही बोलले नाही. तुम्हीही ती भेटल्यावर "जे होतं ते चांगल्यासाठीच" वगैरे म्हणू नका.

त्यापेक्षा एक करू या. संमेलनाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तासभर शाळेतल्या दहावीच्या मुलामुलींसाठी ठेवू. मुख्याध्यापकांनी वर्ग द्यायचं कबूल केलं आहे. मी उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर अशा कागदांची यादी आणीन, म्हणजे ऐन प्रवेशाच्या वेळी तहसील कचेरीत रांगा लावायला नकोत. आपल्यातले डॉक्टर, आयटीआय केलेले, शेती करणारे, बँकेतले, सगळे बसा आणि आपापलं कॉलेज कसं मिळालं ते खरं खरं सांगा. पालकांनाही बोलावलं आहे. वडिलांशी बोलायचं काम माझ्या मैत्रिणीने आपणहून घेतलं आहे.