मातीचे शिपाई आणि दगडावरची अक्षरे

पैठणच्या एका कुंभाराच्या घरी एक मुलगा वाढत होता. नागराज शेष हा त्याचा पिता, असे लोक सांगत. मुलगा मातीचे हत्ती, घोडे आणि शिपाई करून खेळे. पुढे उज्जैनचा विक्रमादित्य त्याच्यावर चालून आला, तेव्हा हे मातीचे सैन्य जिवंत होऊन उठले आणि विक्रमाला माघार घ्यावी लागली. तो मुलगा म्हणजे शालिवाहन. पाडवा आला की ही कथा महाराष्ट्रात हमखास निघते, आणि शेजारपाजारी राहणाऱ्या आपण ख्रिस्ती मंडळींनीही ती लहानपणापासून ऐकलेली आहे.

माझ्या भाच्याने या कथेची चित्रकथा काढायला घेतली. खडकात रुतलेली तलवार उपसून राजा झालेल्या आर्थरची चित्रकथा त्याने वाचली होती. तो पोरका मुलगा आणि हा कुंभाराघरचा मुलगा त्याला सख्खे भाऊ वाटले. मात्र त्याचा एक हट्ट होता. चमत्कार बाजूला ठेवल्यावर जे राजकारण उरते, तेच चौकटींत दिसले पाहिजे. "मामा, मातीचे शिपाई उठले नसतील, तर मग तो राजा झाला कसा?" असे त्याने विचारले. या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही जुन्नरला गेलो.

आर्थरच्या बाबतीत हे काम युरोपातील अभ्यासकांनी पूर्वीच केलेले आहे. इ.स. ४१०च्या सुमारास रोमन सत्तेने ब्रिटनकडे पाठ फिरवली, आणि मग स्थानिक सरदार व बाहेरून आलेले सॅक्सन यांच्यात झगडा सुरू झाला. सहाव्या शतकातील गिल्डास या धर्मपुरुषाने बेडनच्या लढाईचा उल्लेख केला. आर्थरचे नाव मात्र घेतले नाही. त्या नावाला राजवैभव चढवले ते सुमारे ११३६ साली मॉनमथच्या जेफ्रीने. ग्लॅस्टनबरीचा मठ ११८४ साली जळाला, आणि ११९१ साली तेथील मठवासीयांनी आर्थरची कबर सापडल्याचे जाहीर केले. मठाला यात्रेकरू हवे होते. इंग्लंडच्या राजघराण्यालाही ही कबर सोयीची होती, कारण आर्थर परत येईल या आशेवर वेल्सचे लोक तग धरून होते. आख्यायिका कोणाला तरी हवी असते, म्हणून वाढते. हे सूत्र मनाशी धरून आम्ही नाणेघाट चढलो.

नाणेघाट जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कडेला, घाटघरपाशी आहे. दक्षिणेस आंबेगाव तालुक्यातून आहुपे घाट कोकणात उतरतो. सोपारे व कल्याण या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने वर चढे आणि जुन्नरवरून पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी आजही एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते. जवळच्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. १८२८ साली विल्यम साइक्स यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. अश्वमेध आणि राजसूय यज्ञांची, दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांची त्यात जंत्री आहे. पती सातकर्णी निवर्तल्यावर राणी व्रतस्थ राहिली आणि महिना महिना उपवास करीत होती, असेही लेख सांगतो.

याच लेण्यात राजघराण्याच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज पायांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी शिल्लक आहेत. सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, काही राजकुमार. आणि या राजपरिवारात एक नाव महारठी त्रणकयिर याचे. अभ्यासक त्याला राणीचा पिता मानतात. भाच्याने विचारले, "राजाच्या रांगेत सासरा कशाला?" मी म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर तोच आहे." महारठी हे या मुलखातील वजनदार सरदार. त्यांच्याशी सोयरीक झाली की घाट, माणसे आणि घोडे पाठीशी येत. मातीच्या शिपायांना जिवंत करणारे पाणी बहुधा लग्नमंडपातच शिंपडले गेले असावे! आणि हा सारा वैभवाचा पाढा विधवा राणीने जकातीच्या वाटेवरच का कोरवला? येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला सत्ता कोणाची आहे हे कळावे, हाही हेतू त्यात असणारच.

पुढे ही वाट सातवाहनांच्या हातून गेली. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील एका लेखात शक क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने दिलेल्या दानाची नोंद आहे, साल ४६. म्हणजे नाणेघाटापासून एका दिवसाच्या वाटेवर शत्रूचा मंत्री बसला होता. त्या काळचा एक ग्रीक नाविक लिहून गेला की, कल्याणला येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. लढाई होती ती बंदरांच्या उत्पन्नाची. अखेर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप उठवला होता. नाणे तेच, चांदी तीच, धनी बदलला. चित्रकाराला याहून चांगली चौकट कोठे मिळेल?

आणि शेवटी काळाने केलेली गंमत पाहा. इ.स. ७८ पासून मोजला जाणारा शक हा मुळात शक राजांचा. जुने लेख त्याला शकराजांचाच काळ म्हणतात. शालिवाहनाचे नाव त्याला पुष्कळ शतकांनंतर चिकटले. जेत्याच्या नावाने आपण पराभूताची कालगणना वापरतो.

भाचा जरा हिरमुसला. "मग मातीचे शिपाई खोटेच?" हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १६४३ पासून बोलांदिस्त येशूसंघीयांनी संतचरित्रांतील इतिहास आणि आख्यायिका निवडून वेगळ्या करण्याचे व्रत घेतले. १९६९ साली पोप पॉल सहावे यांनी संतांची दिनदर्शिका सुधारली, तेव्हा संत ख्रिस्तोफर यांचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला गेला. अनेक भाविक दुखावले, पण श्रद्धा ढासळली नाही. बाल येशूला खांद्यावरून नदीपार नेणारा तो धिप्पाड पुरुष आजही आपल्याला सेवेचा अर्थ शिकवतो. कथेला कथा म्हणावे आणि इतिहासाला इतिहास, एवढाच ख्रिस्तसभेचा आग्रह.

चित्रकथेत हा आग्रह अधिक हवा. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्र कथेने कित्येक पिढ्यांच्या मनात राजांचे आणि शत्रूंचे चेहरे कायमचे कोरले. शत्रू एकदा राक्षसासारखा रंगवला की मुले त्याला जन्मभर राक्षसच समजतात. जुन्नरचे दगड वेगळे सांगतात. शक अमात्याने तेथे पाण्याचे टाके आणि मंडप दिला. यवनांनी दाने दिली, ती आपली नावे कोरून. धान्य विकणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेण्यांची नावेही तेथे आहेत. बाहेरून आलेला प्रत्येक जण लुटायलाच आला, असे ते दगड म्हणत नाहीत. स्वतःच्या गावात 'परके' हा शब्द कधी ना कधी कानी पडलेल्या आपल्या मुलांनी हे अवश्य वाचावे.

भाच्याने पहिली चौकट काढली आहे. मातीचा शिपाई हातात घेतलेला कुंभाराचा मुलगा नाही. घाटमाथ्यावर उभी असलेली एक विधवा राणी आहे, आणि तिच्यासमोर छिन्नी घेतलेला पाथरवट. ती त्याला काय लिहायचे ते सांगते आहे. मातीचे शिपाई शेवटच्या पानावर येतील. पाथरवटाची नात ते खेळायला घेईल, आणि कथा तेथून सुरू होईल.