किरमिजी रंग आणि लाखेची चकाकी

आज आम्ही तुम्हाला दोन किड्यांचा इतिहास सांगणार आहोत. हे दोन्ही किडे आज खाऊच्या पुडीपर्यंत पोचले आहेत.

पहिला मेक्सिकोचा. तिथे निवडुंगावर कोचिनील नावाचा बारीक किडा वाढतो. त्याच्या माद्या वाळवून, कुटून तिथले लोक लाल रंग काढत. 1521 मध्ये स्पेनने तो मुलूख जिंकला आणि हा रंग जहाजांनी युरोपात जाऊ लागला. एक पौंड वाळलेला माल म्हणजे सुमारे 70,000 किडे! आपल्या ‘किरमिजी’ शब्दाचं मूळही अशाच रंग देणाऱ्या किड्याच्या नावात आहे. 1856 मध्ये विल्यम पर्किन यांनी लंडनमध्ये कृत्रिम रंग शोधला. पुढे असे रंग स्वस्त झाले आणि किड्यांचा व्यापार बसला. पण 1976 मध्ये अमेरिकेने एका कृत्रिम लाल रंगावर बंदी घातली. लोक पुन्हा ‘नैसर्गिक’ रंग मागू लागले. पुडीवर त्याचं नाव कार्माइन, क्रमांक 120.

दुसरा किडा आपल्याच मातीतला. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर तो लाखेचा थर करतो. लाख खरवडताना अनेक किडे मरतात. याच लाखेच्या बांगड्या झाल्या, पत्रं बंद झाली म्हणून ‘लाखोटा’ शब्द आला, ग्रामोफोनच्या तबकड्याही झाल्या. आज शुद्ध केलेली लाख, म्हणजे शेलॅक, गोळ्या-चॉकलेटांना चकाकी देते. क्रमांक 904.

आता कायदा पाहू. आपल्याकडे किड्यापासूनचा पदार्थ मांसाहारी धरतात, म्हणून कार्माइन असेल तर हिरवा ठिपका चालत नाही. पण दूध, मध आणि लाख यांना नियमातून सूट आहे. म्हणजे हिरवा ठिपका असला तरी आत लाख असू शकते. प्राण्यांपासूनचं काहीच न खाणाऱ्यांना, म्हणजे व्हीगन मंडळींना, ती चालत नाही. त्यांच्यासाठी 2022 मध्ये वेगळे नियम आले. ते चिन्ह छापायला परवानगी लागते.

बचत गटाचा माल विकताना हे महत्त्वाचं आहे. तयार रंग, चकाकीच्या गोळ्या घेताना डब्यावरचे 120 आणि 904 हे आकडे शोधा. लाल रंगाला बीट आहेच. तूप किंवा मध घातलेल्या लाडवावर ‘व्हीगन’ लिहू नका. गिऱ्हाईक आपल्या शब्दावर विश्वास ठेवून घास घेतं.