चॅनल गेटची किल्ली

मागच्या महिन्यात भाग आला नाही, त्याचं कारण आजच्या भागातच आहे.

आमची आत्या बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. नंदनवनात आमच्याच गल्लीत ती एकटी राहायची. आई-बाबांचे गुडघे गेलेले, मी दिवसभर ऑफिसात. शेवटी तिनंच विषय काढला, "मला एखादा आश्रम बघ रे." आम्ही तीन-चार ठिकाणं पाहिली. एका ठिकाणी, नाव घेत नाही, पहिल्या मजल्यावर अठरा आजी-आजोबा, एकच जिना, अन् रात्री चॅनल गेटला कुलूप. किल्ली कुठं असते? "चौकीदाराजवळ." आणि चौकीदार? "असतो न इथंच कुठंतरी."

तुमची तपासणी कोण करतं, असं विचारलं तर उत्तर आलं, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे न! पण ती नोंदणी ट्रस्टची. तिथं हिशेब बघतात, जिना कोणी बघत नाही. घरी आलो आणि कायदे वाचत बसलो. आजचा भाग त्यातून निघाला.

माणसांना एका छताखाली ठेवून सांभाळायचं असेल तर बाहेरच्या कोणीतरी येऊन बघावं, ही कल्पना आपल्याकडे आली वेड्यांच्या इस्पितळातून. १९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टमध्ये प्रत्येक इस्पितळाला किमान तीन 'व्हिजिटर' नेमायचे होते, त्यातला एक तरी डॉक्टर. महिन्यातून एकदा त्यांनी सगळी इमारत फिरून बघायची. ऐकायला छान वाटतं. पण पदसिद्ध व्हिजिटर कोण, तर तुरुंगांचे महानिरीक्षक! म्हणजे तपासणीत पहिला प्रश्न काय असणार? कोणी पळालं तर नाही न?

याचा परिणाम पुढं दिसला. १९४६ च्या भोर समितीसाठी रांचीच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख मूर टेलर यांनी देशातली मनोरुग्णालयं पाहिली. त्यांचा निष्कर्ष असा, की बहुतेक इमारती माणसांना कोंडून ठेवायला बांधल्या आहेत, बरं करायला नाही. आपल्या नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालयही ब्रिटिशांच्याच काळातलं. आज त्याची क्षमता ९४० खाटांची आहे.

याच नागपुरात दुसरीही एक वाट होती. १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या सोबतीनं मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई बालविधवा. डफरिन हॉस्पिटलात त्यांनी सुईणपणाचं शिक्षण घेतलं होतं. सुरुवात छोट्याशा प्रसूतिगृहापासून झाली. पुढं संघाचा पसारा वाढत गेला, आणि आमच्याकडून उमरेड रोडनं दिघोरीकडे निघालं की लागतं ते पंचवटी वृद्धाश्रमही त्यांचंच. अशा संस्थांवर लोकांनी विश्वास ठेवला तो चालवणाऱ्या माणसांकडे बघून, लायसन्स बघून नाही. मला ते भारी वाटतं आणि थोडी भीतीही वाटते. कारण कमलाताई काही प्रत्येक गल्लीत नसतात.

स्वातंत्र्यानंतर कायदे आले, पण तुकड्यातुकड्यांनी. १९६० चा अनाथालयांवर देखरेखीचा कायदा घ्या. त्यात 'गृह' म्हणजे स्त्रिया आणि मुलांसाठीची संस्था. म्हातारे त्यात नाहीतच! तेव्हा म्हाताऱ्यांचं घर म्हणजे मुलाचं घर, असं सगळ्यांनी धरूनच घेतलं असावं. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये लागू झाला आणि खासगी मनोरुग्ण संस्थांना परवाना सक्तीचा झाला.

तरी ६ ऑगस्ट २००१ उजाडलाच. तमिळनाडूतलं एरवाडी हे दर्ग्याचं गाव. दर्ग्याच्या आसऱ्यानं तिथं खासगी आश्रम उभे राहिले होते. पहाटे त्यातल्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. आतली माणसं साखळीनं बांधलेली होती. २८ जण गेले. कायदा लागू होऊन आठ वर्षं झाली होती. नंतर सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली, राज्यांना सर्वेक्षण करायला लावलं. २०१७ च्या नव्या कायद्यात साखळीनं बांधायला थेट बंदी आली.

वृद्धांचं काय? २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. त्याचं कलम १९ म्हणतं, राज्यानं टप्प्याटप्प्यानं प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम काढावा, सुरुवातीला किमान १५० निराधारांची सोय होईल असा. केंद्राच्या आदर्श नियमांत झोपायच्या खोलीत माणशी ७.५ चौरस मीटर आणि स्वयंपाकघर वगैरे धरून १२ चौरस मीटर जागा सांगितली आहे. पण हा सगळा रोख सरकारी आश्रमांवर. पहिल्या मजल्यावर भाड्यानं जागा घेऊन चाललेल्या आश्रमाचं काय? डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात खासगी आश्रमांचीही नोंदणी आणि किमान दर्जा होता. ते मंजूर झालंच नाही. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही गेलं.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. उद्या १२ चौरस मीटरचा नियम सगळ्यांना लावला, तर आम्ही पाहिलेले दोन आश्रम तरी बंद पडतील. तिथले लोक मग जातील कुठं? त्यामुळं माझं मत असं, की जागेसाठी मुदत द्या, पण आग, जिना आणि कुलूप यांना एका दिवसाचीही सूट नको. आमच्याकडे सर्व्हर रूमचं दार सुद्धा फायर अलार्म वाजला की आपोआप उघडतं बाप्पा, अन् तिथं तर माणसं झोपतात.

आत्या सध्या आमच्याकडेच आहे, तळमजल्यावरच्या खोलीत. बाथरूमला हँडल बसवले. ते चॅनल गेटवाले काका परवा फोनवर म्हणाले, दुसरी किल्ली आता आतल्या बाजूला खिळ्यावर टांगली आहे. आत्यानं लगेच विचारलं, "खिळा किती उंचावर आहे? माझा हात पुरते का?"

ते बघायला रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत.