गिरणी-कामगारांच्या चळवळीचीं कागदपत्रें : अस्सल आणि भाषांतर

मुंबईच्या गिरणी-कामगारांची चळवळ म्हणजे कालपरवांची गोष्ट, तेव्हां तिचीं साधनें हवीं तेवढीं उपलब्ध असणार, असा संग्राहकमंडळींत एक समज आहे. पेशवे दप्तरांतील रुमाल सोडतांना आपण जी दक्षता बाळगतों तिची या कागदांस गरज नाहीं, असेंही कित्येक मानतात. वस्तुस्थिति उलट आहे. शिवकालीन कौलनामा मोडी जाणणाऱ्याच्या हातीं अस्सल स्वरूपांत येऊं शकतो; १८८४ सालच्या मजुरांचें म्हणणें मात्र आपणांस बहुधा इंग्रजीच्या द्वारें ऐकावें लागतें. त्यामुळें कोणत्या प्रचलित विधानांस बाध येतो, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यास काढलेलें 'दीनबंधु' पत्र १८८० पासून त्यांनीं मुंबईहून चालविलें. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें मुलांच्या कामाचे तास बांधून दिले. प्रौढ मजुरांच्या तासांस त्यानें हात लावला नाहीं. पुढें मुंबई सरकारनें १८८४ सालीं कमिशन नेमलें, तेव्हां लोखंड्यांनीं सप्टेंबर महिन्यांत परळ भागांत मजुरांच्या सभा भरविल्या व सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज कमिशनपुढें ठेवला. त्यांतील मागण्या अशा : दर रविवारीं सुटी असावी, दुपारीं अर्धा तास विश्रांति मिळावी, काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच चालावें, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत हातीं पडावा, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पुरा पगार व कायमचें अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी.

हीं पांच कलमें आतां प्रत्येक पुस्तकांत आढळतात. तीं आलीं मात्र सरकारी इंग्रजी अहवालाच्या वाटेनें, आणि येथेंच खरी अडचण आहे. शेवटचें कलम घ्या. लढाईंत कामास आलेल्यांच्या कुटुंबास बालपरवेशी देण्याची मराठी राज्यांतील वहिवाट वाचकांस ठाऊक आहेच. गिरणींत येणारा मजूर बहुतेक रत्नागिरी-साताऱ्याकडचा. त्याच्या बोलण्यांत निर्वाहाच्या या मागणीस कोणता शब्द होता? बालपरवेशी, पोटगी असा एखादा जुना शब्द असेल, तर ही मागणी चाकरीच्या जुन्या हक्काची ठरते. शब्द नवा असेल, तर ती विलायती कायद्याच्या वाचनांतून लोखंड्यांस सुचली असें म्हणावें लागेल. दोन्ही अनुमानांत अंतर मोठें आहे. इंग्रजी मजकुरावरून त्यांचा निवाडा होत नाहीं, हें ध्यानांत न घेतां कित्येक लेखक दुसरें अनुमान गृहीत धरून चालतात.

सह्यांचेंही तसेंच. त्या काळचा मजूर बहुधा निरक्षर. मग या ५,५०० सह्यांत हस्ताक्षरें किती, निशाण्या किती, आणि मुकादमानें एका हातीं उतरविलेलीं नांवें किती? महजरावरील निशाणी नांगर पाहून कुळाचा धंदा ओळखणाऱ्या संशोधकास हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाहीं. चळवळ मजुरांतून उठली कीं मुकादमांनीं वळविली, या वादाचा निकाल अशा यादीवरूनच लागण्याजोगा आहे. अहवालाच्या द्वारें आपणांपर्यंत आला तो केवळ आंकडा.

'दीनबंधू'चे सलग, संपूर्ण अंक आज एका ठिकाणीं मिळत नाहींत. म्हणून अभ्यासक देशी वृत्तपत्रांच्या साप्ताहिक सरकारी गोषवाऱ्यांकडे वळतात. हे छापील गोषवारे मुंबईंत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींतील राज्य पुराभिलेखागारांत आहेत. साधन मोलाचें खरें. पण सरकारास जें जाणून घेणें अवश्य वाटे तेंच त्यांत उतरे. इंग्रज वखारकरांचीं शिवाजीविषयींचीं पत्रें १९३१ सालीं पुण्यास छापून निघालीं, तेव्हां तीं मराठी व फारसी कागदांशीं ताडून पाहण्याची सोय होती. येथें ताडावयाचें कशाशीं?

लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशनविषयीं असें सरकारी टिपण आहे कीं, तिला सभासदांची नोंदवही नाहीं, फंड नाहीं, नियम नाहींत. यावरून ती संघटनाच नव्हे असें म्हणणारे आहेत. मला तें पटत नाहीं. २४ एप्रिल १८९० रोजीं याच असोसिएशनच्या सभेस सुमारें १०,००० मजूर जमले, दोन स्त्री-कामगारांनीं भाषणें केलीं, आणि १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. मालकांवर लँकेशायरकडूनही दडपण होतें, हें विसरूं नये. परंतु नोंदवही नसलेली मंडळीही इतके लोक उभे करूं शकत होती, हें यावरून दिसतेंच. विलायती युनियनच्या मापानें मोजणाऱ्या अधिकाऱ्यास सत्यशोधक मंडळींचा घरोबा दिसणार कोठून? १८९७ च्या प्लेगांत लोखंडे वारले.

पुढील पिढीचें दप्तर पोलिसांनीं जमविलें. १९२८ चा सहा महिन्यांचा संप होऊन गेल्यावर, २० मार्च १९२९ रोजीं झडत्या झाल्या व मीरत खटल्यासाठीं ३१ जण धरले गेले. त्यांत मुंबईचे डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर होते. पत्रें, टिपणें, मराठी 'क्रांति'चे अंक यांवर क्रमांक पडले, कोर्टाकरितां इंग्रजी तर्जुमे झाले, आणि खटल्याचे कागद अखेर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत गेले. ज्यांनीं चळवळ मोडावयाची त्यांनींच तिचे कागद राखले! निवड मात्र फिर्यादीपक्षाची. कटाच्या आरोपास जें उपयोगी तें पुढें आलें.

दिल्लीस तीनमूर्ति येथील ग्रंथालयांत ना. म. जोशी यांचीं व आयटकचीं दप्तरें आहेत. नोएडा येथील गिरी संस्थेंत १९९८ पासून कामगार-अभिलेखागार आहे. परंतु अस्सल मराठी कागद तेथें शोधण्यापूर्वीं तो कोंकणांत व घाटावर शोधावा असें मला वाटतें. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, बिऱ्हाडें गांवीं गेलीं. ट्रंकांतून हस्तपत्रकें, पगाराच्या चिठ्ठ्या, सत्यशोधक जलशांच्या वह्याही गेल्या. असें पुडकें हातीं आल्यास तें फोडून निरनिराळ्या धारिकांत लावूं नये. कोणाच्या घरीं, कोणत्या कागदांबरोबर मिळालें तें वर लिहून ठेवावें. 'दीनबंधू'चा सुटा अंक मिळाला, तर त्याची तारीख व अंक-क्रमांक मंडळास अवश्य कळवावा. त्या आठवड्याचा सरकारी गोषवारा काढून एक तरी उतारा मुळाशीं ताडून पाहतां येईल.