स्वादुपिंडछेदन

स्वादुपिंडातील गाठीसाठी ही ग्रंथी अंशतः किंवा पूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया. ग्रंथीचे डोके आद्यांत्राच्या वळणात बसलेले असते, तर शेपूट प्लीहेला टेकलेले. गाठ कुठे आहे यावर किती काढायचे ते बहुतांशी ठरते.

अंशतः छेदन : डोक्यातील गाठीसाठी व्हिपल शस्त्रक्रिया करतात. तीत डोक्याबरोबर आद्यांत्र, पित्ताशय व पित्तनलिकेचा खालचा भाग काढून उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला जोडतात. धास्ती असते ती पहिल्या जोडाची. जुन्या दाहाने ग्रंथी घट्ट झालेली असली तर टाके धरतात. ती लोण्यासारखी मऊ आणि तिची नळी ३ मिमी.हून अरुंद असली तर जोड पाझरण्याची शक्यता वाढते. पाझरलेला रस आतड्यातील स्रावांत मिसळून सक्रिय झाला, की शेजारच्या धमनीची भिंत पोखरतो आणि घरी जायची तयारी चाललेल्या रुग्णाला अचानक रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून तिसऱ्या दिवसापासून ड्रेनमधल्या (पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतल्या) पाण्यातील अमायलेज या विकराचे प्रमाण पाहतात. रक्तातील कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून ते जास्त असले तर गळती धरतात. उपचारात फरक पडला नाही तर तिला फिस्टुला म्हणू नये, असे २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत ठरले. त्याआधीची व नंतरची फिस्टुलाची टक्केवारी शेजारी ठेवून वाचणे धोक्याचे. अनुभवी केंद्रांत मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांखाली आले आहे, गुंतागुंती मात्र फारशा घटलेल्या नाहीत.

शेपटाच्या छेदनात आतड्याशी जोड नसतो. कापलेले टोक वारंवार गळते, पण ते सहसा कमी घातक ठरते. प्लीहा काढावी लागली तर न्यूमोकोकस आदींच्या लसी देतात.

पूर्ण छेदन : स्वादुपिंडाचा जोडच नसल्याने ही गळती टळते. १९४२ मध्ये रॉकी यांनी कर्करोगासाठी ही शस्त्रक्रिया केली. रुग्ण पंधरवड्यात दगावला. पुढे डोक्याच्या कर्करोगात ती सरसकट करून पाहिली गेली, पण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. आज ती ग्रंथीभर पसरलेल्या गाठींसाठी, किंवा छेदाची कड वारंवार रोगग्रस्त निघाल्यास करतात. इन्सुलिनबरोबर ग्लुकॅगॉनही जात असल्याने साखर उतरली की तिला वर आणणारे मुख्य संप्रेरकच उरत नाही. सुई टोचून झाली आणि भाकरी लांबली, तर बेशुद्धी येऊ शकते. पाचक विकरांच्या कॅप्सूल प्रत्येक जेवणाबरोबर, जन्मभर.

सातारा-सांगली : मिरजेत वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले, कराडला कृष्णा रुग्णालय आहे. या शस्त्रक्रियेसाठी पुण्याची किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरणारेही आहेत. डोक्यातील गाठीने होणाऱ्या काविळीवर गावठी पाला घेण्यात गेलेले आठवडे इथे महाग पडतात. पूर्ण छेदनाआधी घरात ग्लुकोमीटर कोण वापरणार, रात्री साखर कोण पाहणार आणि फ्रीज नसला तर इन्सुलिन पाण्याच्या मडक्यात गार ठेवता येईल का, हे विचारून घ्यावे लागते.

आयुर्मर्यादा : मुख्यतः गाठीचा प्रकार व टप्पा यांवर अवलंबून.