विरघळणारा धागा : एका ‘दोषा’ची कथा

१/ शस्त्रक्रियेनंतर शरीरातील टाके आपोआप विरघळतात, याचे आज कुणाला नवल वाटत नाही. परंतु ज्या गुणामुळे ते विरघळतात, तोच गुण एकेकाळी दोष ठरला होता.

२/ शतकानुशतके शल्यविशारदांची भिस्त कॅटगटवर होती. नावात मांजर असले तरी हा धागा मेंढ्यांच्या वा गुरांच्या आतड्यांपासून बनतो. १८६० च्या दशकाअखेर जोसेफ लिस्टर यांनी तो कार्बोलिक आम्लाने निर्जंतुक केला. तरी एक अडचण उरलीच. शरीरातील विकरे हा धागा पचवतात, आणि त्यांचा वेग रुग्णागणिक बदलतो. जखम भरण्यापूर्वी टाका सुटला, तर जिवावर बेतत असे.

३/ १९३० च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स कृत्रिम धाग्याच्या शोधात होते. त्यांनी अनेक पॉलिएस्टर तपासले. १९३२ च्या त्यांच्या शोधनिबंधात लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइडही आहेत. मात्र हे पॉलिएस्टर कमी तापमानाला वितळत, पाण्याने त्यांचे रेणू तुटत. असे कापड धुणार कसे? कॅरदर्स दुसऱ्या वाटेने गेले आणि १९३५ मध्ये नायलॉन जन्माला आले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले.

४/ तीन दशकांनी हाच ‘दोष’ वैद्यकाला हवासा वाटला. १९६६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतील आर. के. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेतील रोपणांसाठी पॉलिलॅक्टिक आम्ल सुचवले. १९७० मध्ये पॉलिग्लायकोलिक आम्लाचा ‘डेक्सॉन’ धागा बाजारात आला. पाठोपाठ १९७४ मध्ये ‘व्हिक्रिल’.

५/ यामागील रसायन साधे आहे. शरीरातील पाणी एस्टर बंध तोडते. पॉलिलॅक्टिक आम्लातून उरते लॅक्टिक आम्ल, जे स्नायूंतही तयार होते. त्याचे अखेर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. विकरांचे प्रमाण माणसागणिक बदलते, पाणी मात्र प्रत्येक देहात आहे. त्यामुळे धागा किती काळ टिकेल, याचा अंदाज बांधता येऊ लागला.

६/ पुढे याच द्रव्यांचे हाडांसाठी स्क्रू आणि पट्ट्याही बनल्या. धातूची पट्टी काढण्यासाठी करावी लागणारी दुसरी शस्त्रक्रिया त्यांमुळे टळू शकते.

७/ मात्र हृदयाने वेगळा धडा दिला. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या ‘अ‍ॅब्सॉर्ब’ स्टेंटला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. चाचण्यांत त्यात धातूच्या स्टेंटपेक्षा रक्ताच्या गुठळ्या अधिक आढळल्या आणि २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली.

८/ कॅरदर्स यांना न विरघळणारा धागा हवा होता, शल्यविशारदांना विरघळणारा. पदार्थ तोच होता. तो गुणी की सदोष, हे प्रत्येक वेळी त्याच्यावर सोपवलेल्या कामाने ठरवले.