वटवाघूळ शुभ कसं? चिनी कोरीव पेटीची गोष्ट

आज आपण एक जुनी चिनी लाकडी पेटी बघणार आहोत. झाकणावर मधोमध एक गोल अक्षर आणि त्याभोवती पंख पसरलेली पाच वटवाघळं. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरलं की आधी झाडू शोधतात. मग इथे ते इतक्या हौसेनं का कोरलंय?

तर गंमत अशी, की हे कोरीवकाम डोळ्यांनी बघून कळत नाही, कानांनी ऐकावं लागतं. चिनीत वटवाघळाला म्हणतात ‘बियेनफू’. आणि ‘फू’ याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे, अर्थ सौभाग्य. म्हणजे ही चक्क शब्दावरची कोटी! पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि आयुष्य पुरं जगून आलेलं मरण. ही यादी ‘शूजिंग’ या प्राचीन ग्रंथातली. मधलं अक्षर ‘शौ’, म्हणजे दीर्घायुष्य.

एकदा ही किल्ली सापडली की बाकीची चित्रंही बोलायला लागतात. हरीण ‘लू’, आणि सरकारी अधिकाऱ्याचा पगारही ‘लू’. फुलदाणी ‘पिंग’, शांतताही ‘पिंग’. मासा ‘यू’, आणि खाऊन-पिऊन शिल्लक उरणं तेही ‘यू’. फुटलेलं डाळिंब दिसलं तर दाणे बघा: बी आणि मुलगा, दोन्हींसाठी एकच शब्द. जितके दाणे, तितके मुलगे!

आता जरा थांबा. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात, च्यांगनान भागात, एक प्रथा सांगतात. मुलगी जन्मली की दारात कापराचं झाड लावायचं. तिचं लग्न ठरलं की ते तोडून दोन पेट्या करायच्या आणि रेशमानं भरून सासरी पाठवायच्या. ‘दोन पेट्या, रेशीम’ या शब्दांतही कोटी आहे: ‘दोघं एकमेकांना धरून राहा’.

म्हणजे झाड तिच्या नावाचं, पण लग्नाच्या सामानावर मागणं कशाचं? मुलग्यांचं. आणि त्या मुलग्यांसाठी हुद्द्यांचं, पगाराचं. ज्या राजपरीक्षांतून हुद्दे मिळायचे, त्या १९०५ साली बंद होईपर्यंत मुलींना खुल्या नव्हत्याच. इतक्या शुभेच्छा घेऊन ती निघायची, पण त्यातल्या बऱ्याचशा दुसऱ्यांसाठी.

तिच्यासाठी काय होतं? ते लाकूड. कापराच्या वासानं कसर लागत नाही, म्हणून माहेरचं रेशीम वर्षानुवर्षं टिकायचं. झाकण उघडलं की तिच्याच वयाच्या झाडाचा वास.

तेव्हा संग्रहालयात अशी पेटी दिसली, तर फोटो काढण्याआधी एक करा. त्यावरच्या प्राण्याचं चिनी नाव फोनवर शोधा आणि मोठ्यानं उच्चारून बघा. भेटूया पुढच्या भागात!